कंट्रोल एच आणि लाखी निवेदन

अकोल्याच्या कॉम्प्युटर क्लासातून मी एकच गोष्ट पक्की शिकून आले: माउसला हात लावायचा नाही. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, कंट्रोल झेड. अमरावतीच्या टायपिंगच्या दुकानात नोकरी लागली, तेव्हा माझा रुबाब काही विचारू नका.

त्या साली मोर्शीकडे विहिरी आटल्या आणि माझ्या आत्याची संत्र्याची झाडं वाळायला लागली. पाण्याच्या खात्याचे मोठे साहेब गावात सभा घेणार होते. त्यांच्यासमोर आत्याला टँकरसाठी निवेदन वाचायचं होतं. ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि सांगत गेली. मी जसंच्या तसं टाइप करत गेले.

"साहेब पुण्याचे हायेत म्हन्ते. मले-तुले आयकून हासतीन. शुद्ध करून दे वं."

"आत्ता करते. कंट्रोलवर होते ते."

आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. आत्या चमकली. "कंट्रोलवर शुद्ध काय भेटते वं? गव्हात बी खडे रायतेत."

मी हसले आणि शहाणपणा केला. कंट्रोल एच दाबलं आणि सगळीकडे 'ले'च्या जागी 'ला' घातलं. मलेचं मला झालं, तुलेचं तुला. लगेच कंट्रोल एस, कंट्रोल पी, आणि छापलेला कागद आत्याच्या हातात. वाचून बघायची मला कसली गरज!

सभेत मी मागे उभी होते. आत्यानं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "लाखी निवेदन."

लेखीचं लाखी! आता केलेलं मागे घ्यायला कंट्रोल झेड कुठे दाबणार?

"हे झाडं माझे लाकरं हायेत. वाळलाल्या झाडायला टँकर द्या."

लेकरांचीही लाकरं झाली होती. गाववाले तोंडात रुमाल कोंबून हसत होते. आत्याला वाटलं, शुद्ध मराठी अशीच असते. ती आणखी जोरात वाचायला लागली. साहेब मात्र हसले नाहीत. हे अस्सल वऱ्हाडी शब्द समजून ते वहीत टिपून घेत होते.

घरी येताना मी सगळं कबूल केलं. लाज वाटत होती, रडूही येत होतं.

"जाऊ दे," आत्या म्हणाली. "हासले त हासले. पानी आलं पायजे."

टँकर आला नाही. उन्हाळा सरल्यावर खात्याचं पत्र आलं: 'आपल्या लाखी निवेदनास अनुसरून वाळलाल्या झाडांची पाहणी करण्यात येईल.' म्हणजे तिकडेही कुणी वाचलं नव्हतं. तोवर झाडं तोडून त्यांचं सरपण झालं होतं. मी पत्र वाचून दाखवलं, तेव्हा आत्या चुलीत संत्र्याची फांदी सारत होती.

"आले पाहणीले, त इथं चुलीपाशी बसवजो त्यायले," ती म्हणाली. "लाकरायचे लाकडं झाले म्हनावं."