सरांचे चोवीस सेकंद

"पोरगी गुणी, पण ऐन वेळेला घाबरते." आमच्या सरांनी माझ्याबद्दल हे वाक्य आधी निवड समितीच्या बाईंना सांगितलं आणि मग फोन करून माझ्या बाबांनाही ऐकवलं. त्याला चार वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं फिरतं. कारण घाबरण्याचा काही संबंधच नव्हता. मी सरांचं ऐकलं होतं, एवढाच माझा गुन्हा.

बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात आला की चोवीस सेकंदांत हूपकडे फेकावा लागतो, नाहीतर भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांना मिळतो. आमच्या भाईंदरच्या कॉलेजात हे घड्याळ नव्हतं. असणार कुठून? अर्धं मैदान स्टाफच्या स्कूटरनी अडवलेलं, आणि उरलेल्या अर्ध्यातला हूप सरांनी ओळखीच्या वेल्डरच्या मागे लागून बसवून घेतलेला. सर इथलेच, मिठागरवाल्या जुन्या घरातले. मुलींचा संघ उभा राहिला तो त्यांच्यामुळे, हे मी आजही नाकारत नाही. म्हणून तर राग धड काढताही येत नाही.

तर घड्याळाच्या जागी सर स्वतः मोजायचे, मोठ्याने. "सात... अगो, पाय बघ तुजं... आठ... ती मोकली हाय, दिसत न्हाय काय?... नऊ." आणि नियम कडक. सामन्यात घड्याळ असलं तरी त्याच्याकडे बघायचं नाही, बघितलं की नजर हूपवरून सुटते. कान सरांकडे ठेवायचा आणि 'वीस' ऐकू आलं की चेंडू टाकायचा. तीन वर्षं रोज सकाळी इंद्रलोकमधल्या घरून चालत जाऊन मी हेच घोटलं. ताप असो की परीक्षा, वीसला माझ्या हातातून चेंडू सुटायचा म्हणजे सुटायचाच. "सातत्य हिच्याकडून शिका," असं सर बाकीच्यांना ऐकवायचे आणि मी फुगायचे. सामन्यात आम्ही एरवी दहा-बारा सेकंदांतच फेकून मोकळ्या व्हायचो, त्यामुळे कधी अडलं नाही.

बाबा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला होते. त्यांची एकच अट होती. युनिव्हर्सिटीच्या संघात निवड झाली तर पुढे खेळ, नाहीतर बूट ठेवून दे आणि शेवटच्या वर्षाचा अभ्यास कर. निवडीच्या बाई आमची आंतरकॉलेज स्पर्धेची फायनल बघायला आल्या होत्या.

अठ्ठावीस सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने पुढे, चेंडूही आमचाच. टाइमआऊट घेऊन सर म्हणाले, "घाई न्हाय करायची. चेंडू हिच्याकडं. मी मोजतो." डाव चुकीचा नव्हता. पुढे असलेला संघ शेवटी वेळ काढतोच. मी चेंडूला टप्पे देत उभी राहिले. घड्याळ कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेलं होतं. बघायचं नाही म्हणून मी बघितलं नाही. बाकाजवळून सरांचा आवाज येत होता. सोळा... अगो, आडवी जा तिला... सतरा... अठरा. आणि भोंगा वाजला. उरलेल्या चार सेकंदांत समोरच्या संघाने बास्केट केला आणि आम्ही हरलो.

नया नगरात राहणारी आमची कॅप्टन माझ्या शेजारीच होती. कपडे बदलताना ती हळूच म्हणाली, "सर तो अठारा पे थे."

"फिर जाके बोल ना उनको!"

"पागल है क्या? सर गए तो टीम गई."

ती खरं तेच बोलत होती, म्हणून मला तिचाही राग आला. तिची निवड झाली. माझी नाही.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "सरांचा फोन आलेला. असू दे गो बाय. पोरींचं तसंच असतं, शेवटाला हात कापतात." त्यांनी ते मायेने म्हटलं, तेच जास्त लागलं. मी ताट सरकवलं, ओरडले, रडले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर सगळे माझीच समजूत काढत होते. दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर गेले.

गेल्या महिन्यात ऑफिसला सुट्टी होती, तेव्हा सकाळी मैदानावर गेले. मुली नव्या, हूप तोच, मोजणंही तेच. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. सरांचे चोवीस झाले तेव्हा मोबाईलवर एकतीस सेकंद झाले होते. मी तो त्यांच्या नाकासमोर धरला. सरांनी चष्मा वर करून बघितलं.

"तुजा मोबाईल फास्ट असंल," म्हणाले.

नाचता येईना, अंगण वाकडं! "परत मोजा," मी म्हटलं. त्यांनी मोजायला घेतलं. चेंडू एका बारीकशा मुलीकडे होता. कपाळावर घाम, कान सरांकडे. मोबाईलवर वीस झाले तशी मी जीव खाऊन ओरडले, "टाक! टाक गं!"

तिने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे, आणि चेंडूला टप्पे देत राहिली. सर तेव्हा पंधरावर होते.