कानसेनाचा कापूस

पुण्याहून निघताना हिने माझ्या खिशात कापसाची पुडी कोंबली. विमानात माझे कान दुखतात. पुडी उरली, आणि त्या उरलेल्या कापसानेच माझी शोभा केली.

मुलगी सिंगापुरात पुंगोलला राहते. पहिल्याच सकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या रोझीबाई भेटल्या. पंचाहत्तरी ओलांडलेली, केस बारीक कापलेले. "अंकल, मकान ऑलरेडी?" मी त्यांना कोथरूडच्या फ्लॅटची सगळी हकिकत ऐकवली. नात ईरा हसत सुटली. मकान (जेवण) झालं का, एवढंच त्या विचारत होत्या.

मग खालच्या हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत) आमची ओळख वाढली. कोपी (दाट, गोड कॉफी) पिताना त्यांनी सांगितलं, की साठच्या दशकात त्या आणि तीन मैत्रिणींचा रॉक बँड होता. सराव वडिलांच्या गाड्या दुरुस्तीच्या गॅरेजात. गिटार मुद्दाम खरखरीत, गाणं ओरडून. आता घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी बेडोकला शेवटचा कार्यक्रम होता.

"आवाज निघेल की नाही, माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मी फुशारकी मारली, "तानसेन नसलो तरी कानसेन आहे."

"मग पुढे बसा. नंतर खरं सांगा. मैत्रिणी खोटं बोलतात."

शनिवारी पहिल्या रांगेत बसलो. चार आज्या, एकसारखे लाल झगे. पहिल्याच ठोक्याला माझ्या छातीत धडधडलं. हात आपसूक खिशात गेला आणि दोन्ही कानांत बोळे गेले. शेवटच्या गाण्याला रोझीबाई माइकपाशी आल्या. ओठ हलत होते, मला नुसती घरघर ऐकू येत होती. मी मान डोलावत राहिलो.

खाली उतरून त्या थेट माझ्याकडे आल्या. मी घाईघाईने बोळे काढून मुठीत धरले. "कसं झालं, अंकल? खरं सांगा."

"आवाज अजून गोड आहे हो."

त्या "थँक्यू, आह," म्हणाल्या.

परतताना एमआरटीत (मेट्रोत) ईरा म्हणाली, "आजोबा, आंटी नेव्हर सिंग लाह. आवाजच आला नाही. सगळा हॉल त्यांच्यासाठी गात होता."

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

सकाळी चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो आणि कापसाचं कबूल केलं.

"माहीत आहे. पांढरे बोळे स्टेजवरून दिसत होते," रोझीबाई म्हणाल्या. "माझे वडीलही सरावाच्या वेळी कानात कापूस घालायचे. पण आवाज गोड आहे, असं ते कधी म्हणाले नाहीत."

डबा मात्र त्यांनी ठेवून घेतला.

परतीच्या विमानात पुडी खिशातच राहू दिली. कान सणसणून दुखले. कट्ट्यावर मित्रांनी विचारलं, "काय हो कानसेन, बाई गायल्या कशा?"

"मी ऐकलंच नाही," म्हणालो. बेडोकच्या हॉलमध्येही एवढंच सांगायला हवं होतं.