फिलियासनं रोवलेला खांब

क्युबेकमधल्या आमच्या नदीकाठच्या गावात मेलेलं माणूस पुरावं ते फिलियासनं, आणि धुणं वाळत घालायच्या वलणीचा खांब रोवावा तोही फिलियासनंच. गोठलेली जमीन फुगते, आणि कच्च्या रोवलेल्या खांबाला दातात धरून दर हिवाळ्याला बोटबोट वर उपसते. फिलियासचा खांब मात्र हलत नसे. थडगी खणून खणून गारठा कुठवर उतरतो ते त्याच्या फावड्याला ठाऊक होतं. त्याच्याही खाली जाऊन तो तळाला खडी टाकी, सोलून गुळगुळीत केलेलं सीडरचं लाकूड जाड बुडाकडनं सोडी आणि भोवतीनं पुन्हा खडीच ठाशी. "माती मेव्हण्यासारखी चिकटती," म्हणायचा, "उठली की आपल्याला घिऊनच उठती."

म्हणून एका एप्रिलात देलिमाचा खांब कलला तेव्हा गाव चाटच पडलं.

देलिमा विधवा बाई. ख्रिस्ती जोगिणींच्या मठातल्या शाळेची धुणी धुऊन पोट भरायची. भिंतीपासून खांबापर्यंत तिची दोरी. खांब कलला तशी दोरी लोंबली आणि मठाच्या पांढऱ्या चादरी वितळत्या चिखलात लोळल्या. थोरल्या जोगिणबाईंनी हळू आवाजात सांगितलं की पुन्हा असं झालं तर धुणं शहरातल्या वाफेच्या कारखान्यात जाईल. धुणं गेलं की देलिमाला सुनेच्या चुलीपुढं बसावं लागणार होतं. त्यापेक्षा नदी बरी, असं ती बोलून दाखवायची.

फिलियास आला. बाईनं दोरीवर वजनच फार टाकलं असणार, असं कुणीतरी सुचवलं. त्यानं लक्ष दिलं नाही. खांबापाशी पहार मारली तर ठण्ण वाजली. कोंबड्यांच्या खुराड्यामागं मारली तर लोण्यात शिरल्यागत गेली. तिथं हिवाळाभर बर्फाचा ढीग पडून होता.

"देलिमा, तू हितला बर्फ काढतीस का गं?"

"काढू नको तर काय करू? दोरीखाली बर्फ साचला की चादरी त्येच्यावर फरफटत्यात. गावात माझ्याइतकं साफ अंगण दाव की कुणाचं."

"तेच की. जमिनीच्या अंगावरची गोधडी तूच वढून काढतीस, मग थंडी खोल उतरंल न्हाई तर काय व्हईल?"

देलिमाचं तोंड उतरलं. आता हा दोष आपल्यावर टाकून मोकळा होणार, असं तिला वाटलं. टाकला असता तरी कुणी फिलियासला नाव ठेवलं नसतं.

म्हातारा टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला. थडग्यांवर तर हिवाळाभर बर्फाचं पांघरूण असतं. सगळा हिशोब त्यानं तिथलाच धरला होता.

"तू काढत जा बर्फ," तो म्हणाला. "खांब मी उथळ रोवला."

जमीन पुरती मऊ झाल्यावर त्यानं जुना खांब उपसला, नवा लांब आणला आणि खड्डा आणखी खोल घेतला. गुडघे कुरकुरत होते. शेवटी शेवटी तो डोक्यापर्यंत आत गेला. देलिमा वरून बादलीनं माती ओढायची आणि त्याच बादलीत मधूनच वाटाण्याच्या सुपाचं भांडं ठेवून खाली सोडायची. कुंपणावरनं लुहाराची बायको म्हणाली, "फिलियासकाका, कुणाला पुरताय?"

"अजून ठरलं न्हाई," खड्ड्यातनं आवाज आला. "जरा वाकून बघतीस का?"

पुढचा हिवाळा हाडं फोडणारा निघाला. देलिमा दर धुण्याला अंगण मातीपर्यंत खरवडत राहिली. एप्रिलात चिखल झाला तसा तिनं मठाचा एकूण एक लोकरीचा कांबळा धुतला आणि पाणी निथळत असतानाच दोरीवर टाकला. फिलियास तेव्हा कब्रस्तानात, जमीन गोठल्यानं हिवाळाभर पुरायचे राहिलेल्या मेलेल्यांसाठी खणत होता. कांबळ्यांची सरळ रांग त्याला तिथनं दिसली. फावड्यावर रेलून तो बराच वेळ बघत राहिला, पाद्री आले तरी वळला नाही.

पुढं कुठंही खांब रोवायला गेला की आधी घरधनिणीला विचारी, हिवाळ्यात अंगण किती साफ ठेवतीस? बायका होतं त्याहून जास्तच साफ सांगायच्या. फिलियास बिचारा तेवढं खोल खणायचा.