टाकीच्या पाण्याचा वास

हे गुरुवारी गेले. आज नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास आला आणि मला विठ्ठलवाडीजवळची निर्वासितांची छावणी आठवली. तिथलं पाणी तपासायची ह्यांची नोकरी. कॉलऱ्याची साथ होती, तरी औषधाच्या वासामुळे बायका टाकी सोडून ओढ्यावर जात.

ह्यांनी टाकीचं पाणी पिऊन दाखवलं, तेव्हा एक सिंधी आजी म्हणाली, “साहब, तुम तो पिओगे ही. घरवाली को पिलाओ.”

दुसऱ्या दिवशी हे मला घेऊन गेले. सगळ्यांसमोर मी ओंजळभर प्यायले. “हमारे घर का पानी भी ऐसाच लगता है,” मी म्हटलं. ते खरंच होतं. हे घरच्या हंड्यातही तेच औषध टाकायचे आणि मी रोज कुरकुरायचे.

आजीने हंडा टाकीखाली लावला.

आता घरात हा वास ओळखणारी मी एकटीच आहे.