आठव्या रकान्यातला फरक

नवऱ्याला माती देऊन तिसऱ्याच दिवशी ओडेसा प्रुइट व्हर्जिनियातल्या प्रयोगशाळेत आपल्या टेबलाशी येऊन बसली. अंतराळयानाची वाट तिथल्या बायका हाताने मोजत. एकच गणित दोघी वेगवेगळं सोडवत आणि मग कागद जुळवत. ओडेसाची जोडीदार होती वर्नेल. आज आठव्या रकान्यात दोघींचे आकडे जुळेनात.

"ओडेसा, घरी जा बाई. अशा डोक्याने गणितं होतात का?" मुख्य बाई म्हणाल्या.

ओडेसाने पुन्हा मोजलं. उत्तर तेच आलं. चूक वर्नेलच्या कागदावर होती, आणि तो कागद जागोजाग ओला होऊन फुगला होता.

"तुझ्याकडे बघून सकाळपासून रडू आवरत नाहीये गं," वर्नेल म्हणाली. "तुला कसं जमतं?"

ओडेसाने आपला कागद उलटसुलट करून पाहिला. त्यावर एक थेंबही नव्हता.