पार्किंगमधली स्पेलिंगं

इंग्रजांनी आपल्याकडून काय काय नेलं, त्यावर लोक तावातावानं बोलतात. पण जाताना ती स्पेलिंगं तेवढी इथे का टाकून गेले, हे कुणीच विचारत नाही. मी विचारते. कारण माझी नात चौथीत आहे.

तिच्या इंग्रजी शाळेत दर शुक्रवारी डिक्टेशन असतं. यंदाच्या टीचरनी नवा नियम काढला. ज्यांचं डिक्टेशन कच्चं, त्यांनी खेळाच्या तासाला लायब्ररीत बसून स्पेलिंगं गिरवायची. आणि आमच्या बाईसाहेबांना तर खो-खोशिवाय जगात दुसरं काही आहे हेच मान्य नाही.

"आजी, स्कूल टीमचं सिलेक्शन गेम्स पीरियडलाच आहे. मी लायब्ररीत बसले तर सरांना दिसणार कशी?"

एवढं बोलून तिनं ताटातली पोळी बाजूला सारली. ही मुलगी पोळी बाजूला सारते म्हणजे प्रकरण गंभीर.

मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला. कंपनीची बस नारायण पेठेपर्यंत त्यांना कधी आणून सोडेल ते त्या बसलाही ठाऊक नसतं. म्हणून सुनेनं टॅबमध्ये एक अॅप घालून दिलंय. त्यातली परदेशी बाई गोड आवाजात सांगते, आवाज नीट ऐका आणि जे ऐकू येईल ते लिहा. नातीनं ऐकलं 'फ्रेंड', लिहिलं एफ आर ई एन डी. शाळेत त्यावर लाल फुली. अहो, पोरीनं ऐकलं ते लिहिलं! मराठीत याला हुशारी म्हणतात. इंग्रजीत गुन्हा.

मग मी माझ्या वडिलांची पद्धत काढली. वडील खडकीच्या फॅक्टरीत कामगार. त्यांची इंग्रजीशी ओळख पेट्यांवर छापलेल्या अक्षरांपुरती, तीही सगळी कॅपिटल. पण पोरांना इंग्रजी आलंच पाहिजे, यावर माणूस ठाम. क्वार्टरमध्ये संध्याकाळची बुद्धवंदना झाली की आम्ही भावंडं भिंतीला टेकून स्पेलिंगं म्हणायचो. त्यांना तपासता यावं म्हणून शब्द जसा लिहिलाय तसाच, एकही अक्षर न गाळता उच्चारायचा. फ्रि-एंड. वेड-नेस-डे. बे-आ-उ-टी-फुल. वडील पुस्तकावर बोट ठेवून बघणार, बोलण्यात एक अक्षर कमी पडलं की पुन्हा पहिल्यापासून. स्पेलिंग चुकायची टाप नव्हती. उच्चारांचं काय झालं ते विचारू नका.

विचारताच आहात तर सांगते. टायपिस्ट म्हणून ऑफिसात लागले तेव्हा मी म्हणजे कोण! नवी नायलॉनची साडी, तिला जुळणारी पर्स, आणि सबंध कॅन्टोन्मेंट माझीच वाट बघत थांबलंय अशी चाल. पहिल्याच आठवड्यात भर ऑफिसात मोठ्यानं विचारलं, "कोलोनेल साहेब आलेत का?" सगळे हसले. मला वाटलं, माझ्या इंग्रजीवर खूश झाले. म्हणून पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं. टायपिंगमध्ये मात्र त्या 'कर्नल'चं एक अक्षर माझ्याकडून कधी हललं नाही. बावळट होते, पण अचूक बावळट.

तर नातीला ती पद्धत सांगितली. तिला भारी गंमत वाटली, पण ही कार्टी एका जागी बसेल तर शपथ. शेवटी तिनंच तोडगा काढला. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ओळीनं खांब आहेत. मी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचं आणि शब्द देऊन "खो!" म्हणायचं. तिनं पळत एका खांबाला हात लावून "फ्रि!", पुढच्याला "एंड!" आणि वळून परत. चारचाक्या दिवसभर हिंजवडीत, त्यामुळे मैदान मोकळं. क्नि! फे! क्नो-व! लेड! गे!

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ पिशवी घेऊन खाली आले.

"अहो, वेडनेसडे म्हणजे कुठला वार?"

"तुमच्याकडे मंगळवारनंतर जो येतो तोच."

"आमच्याकडे बुधवार येतो. आणि तो शांतपणे येतो."

एवढ्यावर थांबतील तर ते पेठेतले कसले! सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मजकूर आला: 'पार्किंग वाहने लावण्यासाठी आहे. स्पेलिंगे पाठ करण्यासाठी आपापली घरे आहेत. तिथेही ती चुकीच्या उच्चारात करू नयेत.' सुनेनं हे बसमध्ये वाचलं. घरी आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली.

"आई, तुम्ही तिला काय शिकवताय? उद्या ती वर्गात क्निफे म्हणाली तर?"

"म्हणू दे की. त्यानं सुरी बोथट होते का?"

"मी सिरियसली बोलतेय. साताऱ्याहून इथे कॉलेजला आले ना, तेव्हा एका शब्दावरून मला सगळी टर्म चिडवलंय. तिला हसलेलं मला नकोय."

सून कधी आपलं काही सांगत नाही, आणि सांगते तेव्हा असं, दारात उभी राहून. कोलोनेल साहेबांची गोष्ट मी सोयीस्करपणे चेष्टेत काढते. पण त्या संध्याकाळी क्वार्टरवर पोचेपर्यंत मला खरं काय झालं ते कळलेलं होतं, आणि मी जेवले नव्हते. हे मी तिला सांगितलं. तिनं चपला काढल्या.

"पण मग करायचं काय?" ती म्हणाली. "अॅपनं येत नाही, हेही खरंच आहे."

मग आम्ही तिघींनी तह केला. मी नातीला समोर बसवून बजावलं, "हे बघ, तोंड वेगळं आणि हात वेगळा. तोंडानं नाइफ म्हणायचं. हाताला मात्र गुपचूप सांगायचं, क्निफे. तोंडाला पत्ता लागू द्यायचा नाही."

"म्हणजे चीटिंग?"

"चीटिंग इंग्रजीनं केलंय. आपण फक्त तिला पुरून उरायचं."

सुनेनं कपाळाला हात लावला, पण हसली. आठवडाभर पार्किंगमध्ये आधी अॅपमधल्या बाईसारखं गोड म्हणायचं, मग खांबांवर आमच्यासारखं, असं चाललं. माझा घसा बसला. तिसरा मजला दोनदा खोकला.

शुक्रवारी नात घरी आली. दप्तर सोफ्यावर आपटलं.

"काय झालं? लायब्ररी?"

"नाही. पास. गेम्सला गेले."

"मग थोबाड असं का? सरांनी बघितलं नाही?"

"बघितलं. पण सिलेक्शन झालंच नाही. आजी, खो-खोला नऊ लागतात! ग्राउंडवर आम्ही पाचच. बाकीच्या सगळ्या लायब्ररीत. सर म्हणाले, नऊ जणी आणा, मग बघू."

आता याला काय म्हणावं? फ्रेंडमधल्या एका मेल्या आयपायी पुण्यातल्या एका शाळेला खो-खोचा संघ मिळेना!

"मग आता गं?"

"मी सांगितलंय त्यांना."

"काय सांगितलंयस? कुणाला?"

उत्तर सोमवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये उभं होतं. गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवलेल्या, लायब्ररीतल्या चार मुली. सूनही त्या दिवशी घरूनच काम करत होती. ती वरून खुर्ची घेऊन आली, माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी, आणि कानातलं मीटिंगचं यंत्र न काढता बसली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. मी तिकडे बघितलं नाही.

मुलींना खांब वाटून दिले. पहिलाच शब्द दिला, फ्रेंड. त्यातली सगळ्यात बारकी, दोन वेण्यांची, जागची हलेचना.

"आजी, पण ते आय ऐकूच येत नाही, तर लिहायचं कशाला?"

"मला काय विचारतेस? मी नाही घातलं ते तिथे," मी म्हटलं. "पळ आधी. खो!"