हापूस सोडलेला माणूस

देवाशी इतक्या नेटाने हुज्जत घालणारा भाविक अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे आमचे भाऊजी, माझ्या थोरल्या ताईचे यजमान. मालगुंडच्या अलीकडे त्यांची हापूसची बाग, आणि कातळसड्याच्या पलीकडच्या उतारावर कातकऱ्यांची वाडी. लोक काशीला जाऊन कारलं सोडतात. भाऊजी एका सोमवारी शंकराच्या अभिषेकाला तांब्या घेऊन निघाले. वाटेत वाडीतली ठमी आजी आटलेल्या पऱ्यात खड्डा करून करवंटीने गढूळ पाणी गोळा करताना दिसली. तांब्या तिच्या हंड्यात रिकामा करून हे घरी आले आणि म्हणाले, "वाडीला पाणी येईस्तोवर हापूस सोडला." ताई म्हणाली, "चहा सोडायचा होतात. बागायतदारच आंबा खात नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल?" गिऱ्हाईकाने विचारलंच, "गोड आहे ना?" भाऊजी प्रामाणिकपणे म्हणाले, "लोक म्हणतात बुवा."

मे महिन्यात त्यांच्याकडे जेवायला जाणं म्हणजे शिक्षा. आम्ही रस ओरपतोय आणि घरमालक समोर ताकभात कालवतोय. दुपारी मात्र ते गवतात पिकत घातलेल्या आंब्यांच्या अढीशेजारी चटई टाकून झोपत. "वास सोडलेला नाही," म्हणत. तेव्हा आम्ही खूप हसायचो. आता हे हसून सांगवत नाही.

पाणी नव्हतं असं नाही. वाडीच्या वरच्या अंगाला गावदेवीच्या राईत झरा बारमाही वाहत होता. पण कौलाशिवाय राईतलं पानही हलवायचं नाही, आणि पाणी कातकऱ्यांना हवंय म्हटल्यावर गावाला देवी जरा जास्तच आठवली. दर शिमग्याला भाऊजी गुरवाला कौल लावायला सांगत. "आई, वाडीला पाणी नेऊ का?" मूर्तीला चिकटवलेलं फूल दरवेळी डावीकडे पडे, म्हणजे नाही. मंडळी सुटकेचा निःश्वास टाकून घरी जात. भाऊजी देवीवर कधी रागावले नाहीत. "ती बरोबरच सांगत असणार. माझं विचारणं चुकतंय," म्हणत आणि पुढच्या शिमग्याची वाट बघत.

एका वर्षी त्यांनी विचारलं, "आई, तुझ्या लेकरांनी तुझं पाणी प्यायलं तर तुझी हरकत आहे का?"

फूल नेहमीसारखं डावीकडे पडलं.

"काय म्हणते?" भाऊजींनी विचारलं.

"नाय म्हणते," गुरव म्हणाला.

"झालं तर. हरकत नाही."

मंडळींना आता हा कौल मोडता येईना. इतकी वर्षं डावा कौल त्यांनीच उचलून धरला होता.

राईतून नळी टाकून वाडीत नळ बसेपर्यंत मे उजाडला, आणि वाडी रिकामी. सगळी माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली, ती पावसाच्या तोंडावर परतणार. ताईने हापूसची फोड पुढे केली. भाऊजींनी ताटली सरकवली. "पिणारं माणूस आल्याशिवाय पाणी आलं असं कसं म्हणू?"

वाडी परतली तोवर आंबा संपला होता. ठमी आजी नळाचं पाणी प्यायली. भाऊजींना अरेतुरे करणारी ती एकटीच, आणि त्यांना ते फार आवडे. "बाबा, आता तू आंबा खा," ती म्हणाली.

"पुढल्या मोसमात," भाऊजी म्हणाले.

मोहोर चांगला धरला होता. माघात एका दुपारी ते बागेत हापूसच्या कलमाला टेकून बसले, ते उठलेच नाहीत.

यंदा पहिली अढी उतरल्यावर ताई आणि मी आंबे घेऊन वाडीवर गेलो. पाण्यामुळे बरीच घरं भट्टीवर गेलीच नव्हती, दारात मिरच्या लागल्या होत्या. ठमी आजीने एक आंबा निवडला, धुतला आणि नळाखालच्या दगडावर ठेवला. मग ओंजळभर पाणी प्यायली.

"आमी पानी पिलो रे बाबा," ती आंब्याकडे बघून म्हणाली. "खा तू आता."

मला राहून राहून वाटतं, त्या मेमध्ये त्यांनी एक फोड खाल्ली असती तरी देवीची काही हरकत नव्हती.